तीन वर्षं कयाकमध्ये असलेला मुलगा आठ महिन्यांच्या नवख्या मुलामागे का पडतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, म्हणून आधी मला जे कळलं ते सांगतो, काही चुकलं असेल तर दुरुस्त करा. मुलगा 13 वर्षांचा, 3 वर्षं झाली कयाक (दोन्ही टोकांना पाती असलेल्या पॅडलने चालवायची अरुंद बोट) करतोय, के-वनमध्ये (एकट्याने चालवायच्या बोटीत) 500 मीटरला 2:16 लागतात, उंची 148 सेंटिमीटर, वजन 41 किलो. त्याच्याच वयाचा एक नवीन मुलगा आलाय, 167 उंच, 58 किलोचा, जेमतेम 8 महिने झालेत पाण्यात उतरून आणि तो 2:09 ला पोचतो. कोचनी तुमच्या मुलाला बी ग्रुपमध्ये टाकलं, पोरगं घरी येऊन म्हणालं मला हे जमतच नाही, आणि तुम्ही विचारताय की 3 वर्षांचा अनुभव वाया गेला का, याच्यात मुळात गुणच नाहीत का, आणि याला आता जिमला घालावं का.

मी पंचवीसेक वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवतोय आणि हा प्रश्न दर सीझनला कुठल्या ना कुठल्या आईवडिलांकडून येतोच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. अनुभव वाया गेलेला नाही. फक्त 12 ते 15 या वयात घड्याळावर शरीराची वाढ इतकी ठळक दिसते की अनुभव तिच्याखाली झाकला जातो, आणि तो वेगळा काढून बघायला थोडं गणित करावं लागतं.

तुम्ही आकडे दिलेत तर तेच घेऊ. दोन्ही बोटी 12 किलोच्या धरा (स्पर्धेच्या के-वनचं किमान वजन तेवढंच असतं). तुमचा मुलगा बोटीसकट 53 किलो, तो मुलगा बोटीसकट 70 किलो. म्हणजे त्याला साधारण 32 टक्के जास्त वजन पाण्यातून न्यायचंय. वजन वाढलं की बोट खोल बसते आणि ओला होणारा पृष्ठभाग वाढतो, पण वजनाच्या प्रमाणात नाही, त्याहून कमी, ढोबळ हिशोबाने 32 टक्के वजनाला 20 टक्के पृष्ठभाग. म्हणजे सारख्याच वेगाने जायला त्याला 20 टक्के जास्त ताकद लागणार. शिवाय तो तुमच्या मुलापेक्षा सुमारे साडेपाच टक्के वेगात जातोय, आणि पाण्यात वेग वाढवायचा तर लागणारी पॉवर जवळपास वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे साडेपाच टक्के वेगासाठी 17 टक्के पॉवर. दोन्हीचा गुणाकार केला की तो मुलगा तुमच्या मुलाच्या साधारण 1.4 पट पॉवर पाण्यात घालतोय असं येतं. आता दोघांची वजनं बघा, 58 भागिले 41. तेही 1.4 च.

म्हणजे किलोमागे दोघं बरोबरीत आहेत! आणि हे मी तुमच्या समाधानासाठी ओढूनताणून काढत नाहीये, वारा आणि लाटा सोडून दिल्यात त्यामुळे गणित ढोबळच आहे, पण दिशा पक्की आहे. त्यातही तो मुलगा दिसायला वयात आलेला वाटतोय (167 उंची आणि 58 किलो म्हणजे बहुतेक तसंच), तर त्याच्या 58 किलोत स्नायूंचा वाटा तुमच्या मुलापेक्षा जास्त असायला हवा, खांदे भरलेले असणार, म्हणजे खरं तर किलोमागे त्याने बरंच पुढे असायला पाहिजे होतं. तो नाहीये. त्याची बरीच ताकद पाणी उडवण्यात, बोट डावी-उजवीकडे वळवण्यात आणि तोल सांभाळण्यात जातेय, आणि तुमच्या मुलाने 3 वर्षांत जे कमावलंय ते नेमकं इथे आहे. त्यात त्या मुलाचा काही दोष नाही हं, तोही मेहनत करतोय, 8 महिन्यांत जे यायला हवं ते त्याला आलंय.

आता वाढीबद्दल. मुलांमध्ये उंची सगळ्यात झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरी 14 च्या आसपास येतो, मुलींमध्ये 12 च्या आसपास, पण ही सरासरी आहे आणि दोन्हीकडे एक-दीड वर्ष इकडेतिकडे हे अगदी नॉर्मल. त्यामुळे 13 वर्षांची 10 मुलं एका ओळीत उभी केली तर शरीराच्या हिशोबाने त्यात एखादा 11 चा असतो आणि एखादा 15 चा, जन्मदाखल्यावर मात्र सगळे 13. त्यात आपले वयोगट कॅलेंडर वर्षाने ठरतात, जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच गटात, तिथेच 11 महिन्यांचा फरक पडतो. कोवळ्या वयात 11 महिने खूप मोठी गोष्ट आहे.

झपाट्याच्या त्या वर्षात मुलगा 9-10 सेंटिमीटर वाढतो, मुलगी साधारण 8. पण नुसत्या उंचीने बोट पळत नाही, वजन आणि स्नायू त्यानंतर येतात, ताकदीची मोठी उडी उंचीच्या झपाट्यानंतर सहा महिने ते वर्षभराने बसते. मधला जो काळ असतो ना, हाडं लांब झालीत आणि स्नायू अजून मागून यायचेत, तो पॅडलिंगमध्ये सगळ्यात विचित्र काळ आणि त्याबद्दल पुढे लिहितो कारण तो तुमच्याही मुलाला येणार आहे.

कयाकमध्ये शरीराचं नेमकं काय कामाला येतं? धावण्यासारखं इथे पायांच्या लांबीला तेवढं महत्त्व नाही. बसल्यावरची उंची, हातांची लांबी, खांद्यांची रुंदी आणि पाठीचे, छातीचे, दंडाचे स्नायू. बसल्यावरची उंची जास्त आणि हात लांब असले की ब्लेड (पॅडलचं पातं) लांब पुढे जाऊन पाण्यात घुसतं, म्हणजे प्रत्येक स्ट्रोकला बोटीला जास्त अंतर मिळतं, आणि रुंद खांद्यांनी धड वळवताना मिळणारा पल्ला वाढतो. यातल्या बहुतेक गोष्टी वयात येताना बदलतात, म्हणूनच लवकर वाढणाऱ्या मुलाला पॅडलिंगमध्ये इतका फायदा होतो.

हा फायदा सगळ्या अंतरांना सारखा नसतो. 200 मीटरमध्ये सगळ्यात जास्त, कारण तिथे निव्वळ पॉवर चालते आणि ज्या यंत्रणेतून ती येते, दम न घेता स्नायूंमधून झटक्यात ऊर्जा काढायची, ती वयात येण्याआधी मुलांमध्ये पुरती जागी झालेली नसते. 1000 मीटरमध्ये मोठ्या खेळाडूंचीसुद्धा तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनवरच्या यंत्रणेतून येते, तिथे लहान मुलं बऱ्यापैकी टिकतात, आणि शर्यत कशी वाटून घ्यायची हे कळत असलं तर अजूनच. त्यामुळे तुमच्या मुलाचा आणि त्या मुलाचा 200 चा आणि 1000 चा टाइमही मागून घ्या. माझा अंदाज आहे की 200 ला टक्केवारीत फरक जास्त निघेल आणि 1000 ला कमी. तसं निघालं तर फरक मुख्यतः शरीराचा. उलटं निघालं, म्हणजे लांब अंतरालाच तुमचा मुलगा जास्त मागे पडत असेल, तर मग दम आणि ट्रेनिंगकडे बघायला पाहिजे, तेव्हा मी वेगळं उत्तर देईन.

अनुभव अनुभव आपण म्हणतो पण त्यात असतं काय ते एकदा काठावर उभं राहून बघा. मोबाइल काढा आणि बाजूने व्हिडिओ घ्या, स्लो मोशनमध्ये. ब्लेड पाण्यात जातं तो क्षण बघा, आम्ही त्याला कॅच म्हणतो. नवख्या मुलाचं ब्लेड पाण्याला टेकतं आणि पूर्ण बुडायच्या आधीच तो ओढायला लागतो, मग पुढे पाण्याचा पांढरा फवारा उडतो आणि ब्लेडमागे हवेची पोकळी दिसते, म्हणजे अर्धा स्ट्रोक हवेतच गेला. हात बसलेल्या मुलाचं ब्लेड पायाच्या पंज्याशेजारी शांतपणे आत जातं, आवाज एक छोटासा 'चुप्प', वरचा हात डोळ्यांच्या उंचीवर, आणि मगच त्याच बाजूचा पाय फूटबारवर (पाय टेकवायच्या आडव्या दांडीवर) दाबला जातो, कंबर फिरते, बोट पुढे सरकते. मग बोटीचं नाक बघा, ते प्रत्येक स्ट्रोकला डावी-उजवीकडे मान हलवतं का सरळ जातं. खालीवर टपटप करतं का. आणि ब्लेड बाहेर कुठे येतं, कंबरेच्या आधी की पार मागे जाऊन पाणी उचलत. आजकाल सगळे वापरतात ते विंग ब्लेड बाहेरच्या बाजूला सरकत गेलं तरच काम करतं, नवीन मुलं ते बोटीला चिकटवून सरळ मागे ओढतात, त्यात त्याचा अर्धा उपयोग जातो.

हे सगळं डोक्याने कळायला एक दिवस लागतो आणि अंगात मुरायला वर्षं लागतात. आणि तोल! रेसिंग के-वन इतकी अरुंद असते की नवीन मुलाची निम्मी शक्ती न पडण्यात जाते, पोट-मांड्या आवळून बसलेला असतो, आवळलेली कंबर फिरत नाही, मग तो हातांनीच ओढतो. तोल अंगवळणी पडला की शरीर सैल होतं आणि तेव्हा कुठे पाय-कंबर-पाठ ही साखळी चालू होते. शिवाय आडवा वारा असताना काय करायचं, बाजूच्या बोटीची लाट आली तर स्ट्रोक कसा टाकायचा, पहिल्या 50 मीटरला जीव तोडून गेल्यावर लय कुठे पकडायची. या गोष्टी कुठल्या टेस्टमध्ये येत नाहीत पण वाऱ्याच्या दिवशी स्पर्धेत येतात. तुमच्या मुलाचा आणि त्या मुलाचा टाइम वाऱ्यात कधी घेतलाय का ते विचारा, मला उत्तर जाणून घ्यायला आवडेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, 3 वर्षं म्हणजे किती हे आधी मोजा. आठवड्यातून 2 दिवस, त्यातही परीक्षेत बंद, पावसात बंद, असं 3 वर्षं आणि आठवड्यातून 5 दिवस सलग 1 वर्ष यात दुसरं जास्त भरतं. शिवाय चुकीचं 3 वर्षं केलं असेल तर ते मोडायलाच वर्ष जातं. मोठ्यांचं पॅडल दिलेली लहान मुलं मी खूप बघितलीत, 148 उंचीच्या मुलाच्या हातात 215 सेंटिमीटरचं पॅडल आणि मोठं ब्लेड, बिचारं खांद्याने झुंजत असतं, वरचा हात खाली पडतो, स्ट्रोक रेट (मिनिटाला किती स्ट्रोक) 80 च्या वर जात नाही आणि तीच सवय लागते. तुमच्या मुलाला लांबी दोन मीटरच्या आतबाहेर, ब्लेड लहान आणि हातात मावेल असा बारीक दांडा हवा. तेवढं आजच तपासा. स्वस्तात होणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे आणि बहुतेक ठिकाणी सामानात जे पडलंय तेच मुलांच्या हातात दिलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

आता उलट बाजू सांगतो, कारण यात नुकसान फक्त लहानखुऱ्या मुलाचं होतं असं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता, 13 व्या वर्षी मिसरूड फुटलेली, आवाज घोगरा, खांदे माझ्याएवढे. तो 14 पर्यंत 200 मीटरच्या ज्या शर्यतीत उतरला ती जिंकली. हातानेच ओढायचा, पाय फूटबारवर नुसते ठेवलेले, धड जवळपास हलायचंच नाही. मला दिसत होतं. पण जिंकतोय ना, मग कशाला छेडायचं, सीझन संपला की बघू, असं करत मी दोन सीझन घालवले. 16 ला बाकीची मुलं उंचीला आणि ताकदीला त्याच्याबरोबर आली आणि त्यांच्याकडे तंत्र होतं. तो शर्यतीमागून शर्यत हरायला लागला, त्याला कळेचना की मी तर तेवढीच मेहनत करतोय मग झालं काय, आणि 17 व्या वर्षी त्याने बोट सोडली. ती चूक माझी होती. तेव्हापासून माझा नियम आहे, जो मुलगा शरीराच्या जोरावर जिंकतोय त्याच्या तंत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो. त्याला कधीकधी मुद्दाम लहान ब्लेड देतो किंवा स्ट्रोक रेट मिनिटाला 60 वर बांधून ठेवतो आणि म्हणतो आता यात वेग काढून दाखव.

मोठं होऊन कोण कुठे पोचेल हे 13 ला कुणालाच सांगता येत नाही. जर्मनीच्या बिर्गिट फिशरने 1980 ला मॉस्कोमध्ये 18 व्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि शेवटचं 2004 ला अथेन्समध्ये, 42 व्या वर्षी. न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टनचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण 2012 ला 23 व्या वर्षी आलं आणि 2024 च्या पॅरिसपर्यंत तिची 8 झाली. इटलीकडून खेळलेली जोसेफा इदेम 2008 ला बीजिंगमध्ये 43 व्या वर्षी के-वन 500 मध्ये रौप्य घेऊन गेली. हा खेळ वीस-वीस वर्षं चालतो. 13 व्या वर्षीचे 7 सेकंद त्यात कुठे बसतात बघा.

पण खोटी आशाही देणार नाही. उशिरा वाढणारा मुलगा पुढे आपोआप भारी होतो असं काही नाही. तुमच्या मुलाची शेवटची उंची बरीचशी तुमच्या आणि त्याच्या बाबांच्या उंचीवर जाईल, आणि स्प्रिंट कयाकमध्ये वरच्या पातळीवरची माणसं धडाने भरदार असतात हे खरं आहे. उशिरा वाढणाऱ्याचा फायदा एवढाच की ताकद नसताना त्याला तंत्रावर जगावं लागतं, आणि तोपर्यंत तो टिकला तर ताकद आल्यावर दोन्ही हातात असतं. टिकला तर! मी जी मुलं गमावली ती बहुतेक 13 ते 15 मध्ये गमावली, आणि त्यातली कितीतरी अशीच, छोटीशी, सुंदर पॅडल मारणारी, बी ग्रुपमध्ये टाकलेली.

तुम्ही काय करू शकता तर मोजा. दर 3 महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, भिंतीला लागून (संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर कमी होतो म्हणून वेळ एकच ठेवा). उभी उंची, वजन, आणि स्टुलावर ताठ बसवून बसल्याची उंची, त्यातून स्टुलाची उंची वजा. 3 महिन्यांच्या फरकाला 4 ने गुणा. 5 सेंटिमीटरच्या आसपास आलं तर झपाटा अजून सुरू झालेला नाही, 8-9 च्या वर गेलं तर सुरू झालाय. याच मापांवरून, वय आणि पायांची लांबी घालून, मूल झपाट्याच्या शिखरापासून किती लांब आहे हे काढायचं एक सूत्र आहे, तुमच्या कोचना माहीत असेल. ते मी वापरतो पण त्यात वर्षभराची चूक सहज होते आणि फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्या मुलांना ते सरासरीकडे ओढतं, म्हणून त्यावरून निवड करू नये, अंदाज घ्यावा. सलग मोजलेली उंची मला जास्त भरवशाची वाटते.

दुसरं मोजायचं ते स्ट्रोक. तुमच्या मुलाच्या वेगाने आणि 98 च्या आसपास स्ट्रोक रेट धरला तर तो प्रत्येक स्ट्रोकला सव्वादोन मीटर जातोय, म्हणजे 100 मीटरला 44 स्ट्रोक. हे काठावरून मोजता येतं. महिन्यातून एकदा, वारा नसताना, 250 मीटर मिनिटाला 60 स्ट्रोकने मारायला सांगा आणि वेळ लिहून ठेवा. उंची न वाढता हा वेळ कमी होत असेल तर तंत्र सुधारतंय, आणि हे त्याला दिसायला पाहिजे, त्याच्या स्वतःच्या वहीत, त्याच्या स्वतःच्या अक्षरात. क्लबमध्ये एर्गोमीटर (जमिनीवर बसून पॅडल मारायचं यंत्र) असेल तर तेही बघा. एर्गोवर तोल नाही, पाणी नाही, तिथे फक्त इंजिन कळतं. तुमचा मुलगा एर्गोवर मागे आणि पाण्यात त्या मानाने जवळ असेल तर समजा बोट चालवायची अक्कल आहे, इंजिन यायचंय. एर्गोवर पुढे आणि पाण्यात मागे असेल तर इंजिन आहे, तंत्र शिकवा. दोन्ही मुलांना एकाच दिवशी बसवा, मी वर केलेल्या गणिताची खातरजमा तिथेच होईल.

आता झपाटा येईल तेव्हाचं, कारण तेव्हा आईवडील जास्त घाबरतात. आधी पाय वाढतात. गुडघे वर येतात, फूटबार जवळ पडतो, कंबर फिरायला जागा उरत नाही, मांडीमागचे स्नायू ताणले जातात आणि ते कंबरेला मागे खेचतात, मग ताठ बसणारं पोर कुबड काढून बसायला लागतं आणि आपण म्हणतो आळशी झाला. आळशी नाही झालेला, बसताच येत नाहीये त्याला. फूटबार एक-दोन भोकं पुढे सरकवा, मांडीमागचं स्ट्रेचिंग रोज. मग काही महिन्यांनी धड वाढतं आणि शरीराचा तोल वर सरकतो, आणि ज्या बोटीत तो 2 वर्षं निवांत बसत होता त्याच बोटीतून पडायला लागतो. माझ्याकडची एक मुलगी एका आठवड्यात 6 वेळा पाण्यात पडली, रडत रडत म्हणाली मी सगळं विसरले. मी तिची सीट दीड सेंटिमीटर खाली केली आणि महिनाभर जरा रुंद बोटीत बसवलं. विसरलेली काही नव्हती, तिच्या अंगाला नवीन मापं शिकायला वेळ हवा होता. या काळात टाइम 3-4 महिने थांबतो, कधी मागेही जातो. तेव्हा किलोमीटर वाढवू नका. मनगट, खांदा, कंबर यांच्या वाढीच्या जागा तेव्हा नाजूक असतात, आणि कंबरदुखी, विशेषतः मागे वाकल्यावर दुखणारी, दोन आठवड्यांच्या वर राहिली तर मसाज वगैरे नको, डॉक्टर.

जिमचं विचारलंत. त्याच्या वयात व्यायाम करावा, पण त्याने दंड फुगतील ही अपेक्षा ठेवू नये. वयात येण्याआधी ताकद वाढते ती मेंदू आणि स्नायू यांचा मेळ बसून, आकार वाढून नाही. पुलअप, पुशअप, दोरी चढणं, प्लँक, हलक्या दांडीने बेंच पुल आणि स्क्वॉट नीट शिकणं, आठवड्यात 2 वेळा पुरे, कुणीतरी जाणकार समोर असताना. जड वजनं झपाट्याचं शिखर गेल्यावर सहा महिने-वर्षभराने, आणि तेव्हा मात्र कसून, कारण तेव्हाच शरीर त्याला प्रतिसाद देतं. पोहणं, धावणं, दुसरा एखादा खेळ चालू राहू द्या.

मुलींचे आईवडीलही हे वाचतील म्हणून थोडं. मुलींचा झपाटा आधी येतो त्यामुळे 12-13 ला त्या मुलांना मागे टाकतात आणि मग 14-15 ला टाइम अडकतो. पाळी साधारण झपाट्याच्या शिखरानंतर वर्षभराने सुरू होते, शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं, वरच्या धडाची ताकद मुलांसारखी आपसूक येत नाही. तिथे कोच म्हणतात हिची मजल इथपर्यंतच. अजिबात नाही, तिला त्या वेळी नीट ताकदीचा व्यायाम आणि पोटभर खाणं लागतं. वजन कमी कर म्हणजे बोट हलकी होईल असं कुणी सांगितलं तर त्या माणसापासून मुलीला लांब ठेवा. पाळी सुरू होऊन नियमित झाली आणि मग 3 महिने आलीच नाही तर ते ट्रेनिंगमुळे होतंच असं म्हणून सोडायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

ग्रुपबद्दल. कोचशी भांडू नका, त्यांना विचारा की सरावात मुलांचे गट कधीकधी वयाऐवजी वाढीप्रमाणे करता येतील का, म्हणजे मोठेपणीच्या अंदाजे उंचीच्या किती टक्के उंची गाठलीय त्यावरून. सगळा वेळ नाही, महिन्यातून दोनदा बास. तुमच्या मुलाला आपल्या मापाच्या मुलांत पुढे राहून शर्यत चालवायला मिळेल, आणि त्या उंच मुलाला 15-16 च्या मुलांबरोबर जावं लागेल जिथे नुसत्या ताकदीवर भागणार नाही. दोघांनाही हवं ते मिळतं.

आणि एक अजून विचारा, मला यातून सगळ्यात जास्त मिळालंय. दोघांना एका के-टू मध्ये (दोघांच्या बोटीत) बसवायचं, तुमचा मुलगा पुढे, तो मागे. पुढचा लय ठरवतो, मागच्याला ती पाळावीच लागते, नाहीतर पॅडलवर पॅडल आपटतं. वजनात 17 किलोचा फरक आहे, मागची बाजू खाली बसेल, तेव्हा दोन्ही सीट थोड्या पुढे सरकवाव्या लागतील. पहिले दोन-तीन दिवस गोंधळ होईल, पडतीलही. मग साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी बोट अचानक हलकी लागायला लागते, आणि त्या उंच मुलाला पहिल्यांदा कळतं की पुढचा छोटा करतोय काय, आणि तुमच्या मुलाला कळतं की आपल्या लयीवर मागची एवढी ताकद बसली की बोट कशी पळते. काठावर आल्यावर दोघांची तोंडं बघा आणि मग मला कळवा, सोबत पहिली मापंही पाठवा.